फुलातला रस पिणारं वटवाघूळ आणि आपलं कोकण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सुरू झाला आणि टेटूचं झाड फुललं की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. काळं आभाळ, ओली फांदी, मध्ये एक तपकिरी फराटा, आणि खाली एकच ओळ : ‘सर, हेच का ते?’ दरवेळी तेच उत्तर टाइप करून बोटं दुखली, म्हणून हे पान. प्रश्न लोकांचेच आहेत, थोडे साफसूफ करून घेतले आहेत.

‘ते’ म्हणजे नेमकं कोण?

शास्त्रीय नाव इओनिक्टेरिस स्पेलिया. जॉर्ज एडवर्ड डॉब्सन या लष्करी डॉक्टर-प्राणीशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये, आजच्या म्यानमारमधल्या मोलमीनजवळच्या गुहांतल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. नावाचा अर्थ लावायचा तर ‘गुहेतलं पहाट-वटवाघूळ’. पहाट का, ते डॉब्सनलाच ठाऊक, कारण ते कामाला लागतं तिन्हीसांजेनंतर.

आकाराने बेताचं. वजन साधारण ५० ते ७५ ग्रॅम, म्हणजे मध्यम चिकूपेक्षा हलकं. अंगाचा रंग तपकिरी, पोटाकडे फिका. तोंड लांबट आणि निमुळतं. जीभ बरीच लांब, बाहेर निघणारी, टोकाला ब्रशासारखे बारीक काटे. त्या काट्यांना फुलातला रस आणि परागकण दोन्ही चिकटून येतात. दिवसा गुहांमध्ये वसाहत करून राहतं, कधी शेकड्यांनी तर कधी हजारांनी.

मराठीत त्याला काय म्हणायचं?

वेगळं असं रुळलेलं नाव नाही. आपल्याकडे मोठं ते वाघूळ किंवा वटवाघूळ आणि लहान ती पाकोळी, इथे वर्गीकरण संपतं. त्यातही पाकोळी म्हणजे कुणाला चिमुकलं वटवाघूळ, कुणाला देवळाच्या छताला घरटी करणारा पक्षी, आणि तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात गेलात तर फुलपाखरूसुद्धा. एका गावातून ‘गुहेत हजारो पाकोळ्या’ असा निरोप आला. धावत गेलो, तर पक्षी निघाले. तेव्हापासून मी आधी विचारतो, ‘उलटी लटकते की घरट्यात बसते?’

या पानापुरतं मी त्याला ‘रसपी वटवाघूळ’ म्हणतो. आवडलं तर वापरा.

अमेरिकेतली मध पिणारी वटवाघळं टीव्हीवर दिसतात, तीच का ही?

नाही. ती वेगळ्या कुळातली. फुलासमोर हवेत तरंगत रस पिणं त्यांना जमतं. आपलं रसपी हे फळखाऊ वटवाघळांच्याच कुळातलं, म्हणजे वडाला लटकणाऱ्या मोठ्या वाघळाचं चुलत भावंड. ते फुलावर येऊन अंगठ्याच्या नखाने पकडतं, एक-दोन सेकंद लोंबकळतं, जीभ घालतं आणि सुटतं. म्हणून तर फोटोत फराटा येतो.

मग ते कोकणात आहे का? एका शब्दात सांगा.

एका शब्दात सांगता आलं असतं तर हे पान लिहायला घेतलंच नसतं.

भारतात याच्या नोंदी उत्तराखंड, ईशान्येकडची राज्यं, अंदमान आणि दक्षिणेत कर्नाटक अशा तुटक-तुटक ठिकाणांहून आहेत. बाहेर म्यानमारपासून इंडोनेशिया-फिलिपिन्सपर्यंत ते सर्रास आहे. नकाशावर ठिपके मांडले की मधल्या मोकळ्या जागा डोळ्यांत भरतात. पण कारवारला जे जंगल आहे, ज्या खाड्या आहेत, जो टेटू आणि खाडीकाठची जी चिपी आहे, तेच सगळं गोवा ओलांडून दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्यापर्यंत येतं. वाघळाला तेरेखोलच्या नाक्यावर पावती फाडावी लागत नाही.

तरीही ‘असायला हवं’ आणि ‘आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या. दुसरी म्हणायची तर जागा, तारीख आणि ओळख पटवणारा पुरावा एकत्र लागतो. तुमच्या गावापुरता हा पुरावा जमवायचा कसा, एवढंच या पानात आहे.

नवी नोंद झाली म्हणजे प्राणी तिथे नव्याने आला ना?

हा गैरसमज सगळ्यांत जास्त, आणि बातम्यांचे मथळे तो वाढवतात. ‘जिल्ह्यात दुर्मीळ वटवाघळाचे आगमन!’ अहो, आगमन कसलं? ते कदाचित तुमच्या पणजोबांच्या आधीपासून तिथेच आहे. पोचला आहे तो टॉर्च घेतलेला माणूस.

घाटाच्या पलीकडेच याचं छान उदाहरण आहे. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तिथे एक मोठ्या कानांचं, कीटक खाणारं वटवाघूळ सापडलं. १९१३ मध्ये त्याला नाव मिळालं, रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ. पुढे जवळजवळ संपूर्ण शतक अख्ख्या जगात ते फक्त त्याच गुहेत आहे असं समजलं जात होतं. मग २००० च्या सुमारास कंबोडियात एक मिळालं, पाठोपाठ मेघालयातल्या गुहांमध्येही. ते काही बेळगावहून उडत मेघालयाला गेलं नव्हतं. मेघालयातल्या त्या गुहांमध्ये तोवर वटवाघळांसाठी कुणी नीट शिरलंच नव्हतं.

नव्या नोंदींचे दोन प्रकार धरा. एकात माहीत असलेल्या दोन ठिकाणांमधली फट भरते. दुसऱ्यात ज्ञात पट्टा खरोखर बाहेरच्या बाजूला सरकतो. कोकणासाठी रसपी वटवाघळाची कुठलीही नोंद पहिल्या प्रकाराकडे झुकेल. त्याने ती कमी मोलाची ठरत नाही, फक्त मथळा जरा बेताचा द्यावा लागतो.

रात्री फुलावर वटवाघूळ आलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. आता आणखी काय पुरावा हवा?

इथे मला माझीच फजिती सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी श्रावणातली गोष्ट. ओहोळाच्या काठी टेटू होता, वर तुरे आलेले. आम्ही तिघं छत्र्या घेऊन खाली. टेटूच्या फुलाला एक जड, आंबूस, नकोसा वास असतो. पावसात तो खालपर्यंत उतरतो. साडेआठच्या पुढे पहिलं वाघूळ आलं, तुऱ्याला लटकलं, गेलं. मग दुसरं. टॉर्चच्या उजेडात डोकं आणि गळा पिवळाजर्द. पराग! आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या, घरी जाऊन मी दोन पानी टिपण लिहिलं, ‘सिंधुदुर्गातील...’ वगैरे.

दुसऱ्या आठवड्यात मित्राने मोठा कॅमेरा लावला. एका फोटोत पंख पूर्ण उघडलेला. अंगठ्याचं नख तर होतंच, पण त्याच्या पुढच्या बोटालाही बारीक नख. संपलं सगळं. ते गुहेत राहणारं साधं फळखाऊ वाघूळ होतं, रूसेटस. टिपण अजून ड्रॉवरमध्ये आहे.

मुद्दा असा की कोकणातली इतर फळखाऊ वटवाघळंही फुलांचा रस आवडीने पितात. केळफूल, सावर, मोह, टेटू, काहीही चालतं. डोक्यावर पराग दिसला म्हणजे रसपी, असं नाही.

मग ओळखायचं कसं?

पंखाच्या पुढच्या कडेवर अंगठा दिसतो, त्याला नख असतं. त्याच्या लगेच पुढचं बोट म्हणजे आपली तर्जनी. आपल्याकडच्या इतर फळखाऊ वटवाघळांच्या तर्जनीला बारीक नख असतं, रसपीच्या नसतं. बाकी सगळ्या खुणा याच्या मागून.

थोबाड बघा. रसपीचं लांब आणि सडपातळ. छोट्या नाकाच्या फळखाऊ वाघळाचं (सायनोप्टेरस) कुत्र्याच्या पिल्लासारखं आखूड, आणि त्याच्या कानांना पांढुरकी कड असते. ही कड दिसली तर शंका सोडून द्या, ते रसपी नव्हे. रूसेटसशी मात्र गफलत होतेच. तेही गुहेत राहतं, तपकिरी असतं, थोबाड बरंच लांब असतं, आणि आकारही जवळपास सारखा, किंचित मोठाच. रूसेटसचं मनगटापासून कोपरापर्यंतचं हाड साधारण ७५ ते ८५ मिलिमीटर, रसपीचं बहुतेक वेळा ६५ ते ७५. काठावरचं माप आलं तर मापावर विसंबू नका. पुन्हा नखाकडे या.

मोठ्या वाघळाबद्दल लिहायची गरज नाही. पंख पसरले की मीटरभराच्या वर जाणारं ते धूड, त्याला शेपूटही नसते.

कोणत्या झाडाखाली बसू?

याचं उत्तर महिन्यावर अवलंबून. हा माझा आवडता भाग, त्यामुळे जरा लांबेल.

*टेटू* पहिला. दशमुळातलं औषधी झाड म्हणून वैद्य त्याला ओळखतात, आणि तलवारीसारख्या लांब शेंगांवरून पोरंही ओळखतात. फुलं पावसात, रात्री उमलणारी, पहाटेपर्यंत गळून पडणारी. थायलंडमधल्या अभ्यासात टेटूचं परागीभवन रसपी वटवाघूळच करतं असं दिसलं आहे. रात्री बसणं जमत नसेल तर सकाळी झाडाखाली जा. ओल्या वाटेवर मांसल, मळकट तांबूस फुलं पडलेली असतात. एक उचलून पाकळ्यांच्या कडा बघा. नखांच्या बारीक चिरा दिसल्या तर रात्री गिऱ्हाईक येऊन गेलं. कुठलं गिऱ्हाईक, ते चिरा सांगत नाहीत.

*चिपी*. पांढऱ्या चिपीला २०२० मध्ये महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष केलं, तीच. आचरा, विजयदुर्ग अशा खाड्यांच्या काठी ती आहे. फूल संध्याकाळी उमलतं आणि पांढऱ्या केसरांचा झुबका बाहेर येतो. सकाळी ते सगळे केसर पाण्यावर तरंगत असतात, न्हाव्याच्या दुकानातल्या पांढऱ्या केसांसारखे. मलेशियातली रसपी वटवाघळं गुहेतून निघून खारफुटीतल्या चिपीसाठी एका रात्रीत ३८ किलोमीटरपर्यंत जातात, असं तिथल्या अभ्यासातून कळलं. त्या मानाने सावंतवाडी ते वेंगुर्ले हे अंतर काहीच नाही. म्हणूनच ‘आमच्या गावात गुहा नाही, मग कशाला बघायचं’ हे म्हणणं टिकत नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक मात्र बघून जा. मी एकदा होडीत बसून चिखलात दोन तास अडकलो आहे.

*पांढरी सावर*, उशांचा कापूस देते ती. हिवाळ्यात पानं झाडून फुलते, फुलं रात्री उमलतात, आणि फांद्या उघड्या असल्याने वाघळं चांगली दिसतात. काटेसावरीवर दिवसा पक्ष्यांची जत्रा आणि रात्री वाघळांची. जुन्या बंदरांच्या गावी कुठे गोरखचिंच उरली असेल तर पावसाच्या तोंडाला तिची पांढरी लोंबती फुलं चुकवू नका. आफ्रिकेत, तिच्या माहेरी, तिला फळखाऊ वटवाघळांचीच साथ असते.

आणि *केळ*, बारा महिने, परसात.

‘ह्यां वागूळ आमचा केळफूल खातां काय?’

खात नाही. संध्याकाळी केळफुलाचं एक जांभळं पातं वर उचललं जातं, आतल्या फुलांच्या ओळीत चिकट गोड रस असतो. वाघूळ पात्याला नखं रुतवून लटकतं आणि रस चाटतं. पात्यावर ओरखडे उठतात, बस. तुमच्या केळ्यांना परागीभवन लागतच नाही, ती बिनबियांची धरतात, त्यामुळे वाघूळ आलं काय, न आलं काय, घडात फरक नाही. रानकेळीचं तसं नाही. तिला बिया हव्यात आणि त्यासाठी वाघूळ हवं.

भाजीसाठी केळफूल काढायचं असेल तर खुशाल काढा. फक्त शक्य असेल तर निरीक्षणाच्या आठवड्यात नको, एवढी आमची विनंती. (हे वाक्य घरातल्या मंडळींसाठीही आहे.)

आंबा, चिकू, सुपारी?

ती कामं दुसऱ्यांची. रसपीचं पोट जवळजवळ संपूर्ण रस आणि परागावर चालतं. परागात प्रथिनं असतात, ती त्याला पुरतात. आग्नेय आशियात तर बागायतदारांना ते हवंहवंसं असतं, कारण दुरियन हे तिथलं महागडं फळ धरायला हेच वाघूळ लागतं. आपला फणस दिसायला दुरियनसारखा असला तरी त्याचा याच्याशी संबंध नाही.

फोटो कसा काढू?

फोनने वाघळाच्या मागे धावू नका. फूल कुठे आहे ते ठरलेलं असतं, वाघूळ तिथेच येणार. कॅमेरा तिपाईवर लावा, उजेड असतानाच फुलावर फोकस करून तो लॉक करा, फ्लॅश बाजूने द्या आणि भरपूर फोटो घ्या. दोनशेतला एक कामाचा निघतो. पंख उघडलेला, पुढची कड आपल्या बाजूला, असा तो एक. जवळ फक्त फोन असेल तर केळफुलापासून तीन-चार हातांवर ठेवून व्हिडिओ चालू करा, टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळा. फ्लॅशचा मारा एकाच झाडावर तासन्‌तास नको, वाघळं बिचकतात आणि झाड सोडतात.

बॅट डिटेक्टर घेऊ का?

या कामासाठी पैसे घालू नका. कीटक खाणारी वटवाघळं घशातून आपल्याला ऐकू न येणारे, फार उंच पट्टीतले आवाज काढतात, ते हे यंत्र पकडतं. फळखाऊ कुळ मुख्यतः डोळ्यांवर आणि नाकावर चालतं. रूसेटस जिभेने टकटक करून अंधारात वाट काढतं. रसपीबद्दल २०१४ मध्ये एक मजेशीर अभ्यास प्रसिद्ध झाला. ते पंखांनी टिकटिक आवाज करतं आणि त्यावरून अंधारातल्या मोठ्या वस्तू त्याला जेमतेम कळतात. त्या टिकटिकीवरून टेटूखाली उभं राहून ओळख पटवणं आपल्या आवाक्यातलं नाही.

आमच्या गावाजवळ वाघळांची गुहा आहे. आत जाऊन बघू?

नको. विशेषतः पिल्लांच्या दिवसांत तर नकोच. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, ते तिच्या अंगाला चिकटलेलं असतं. टॉर्चने गोंधळ उडाला की पिल्लं खाली पडतात आणि ती परत उचलली जात नाहीत.

संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी, वाऱ्याच्या आडबाजूला बसा. बाहेर पडणारी वाघळं मोजा, तारीख-वेळ लिहा. गुहा, देवळाचं भुयार, जांभ्याची कपार, बंद पडलेली खाण, सगळीकडे हेच. देवराईत गुहा असेल तर आधी गावकऱ्यांना आणि मानकऱ्यांना विचारा. ते ‘हो’ म्हणाले तरी चपला बाहेर.

तोंडाशी पडलेल्या विष्ठेकडेही बघा. फळं खाणाऱ्यांची विष्ठा बियांची, चोथ्याची. परागावर जगणाऱ्यांची पिवळट, पेस्टसारखी. हातमोजे घालून चिमूटभर कागदी पाकिटात घ्या. जवळच्या कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखाली परागकण दिसतात आणि वाघूळ कुठल्या झाडांवर जेवून आलं ते कळतं.

निपाहचं काय? घरचे सोडत नाहीत.

घरच्यांची काळजी अगदीच बिनबुडाची नाही. केरळात २०१८ मध्ये कोझिकोडला निपाह पसरला, त्याचा विषाणू मोठ्या वाघळांत राहतो. २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या रूसेटस आणि छोट्या पाकोळी-वटवाघळांचे नमुने घेतले, तेव्हा त्यांतल्या काहींत निपाहविरोधी प्रतिपिंडं मिळाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचं ते काम. प्रतिपिंडं म्हणजे विषाणूशी कधीतरी गाठ पडल्याची खूण. वाघळाखाली उभं राहिल्याने माणूस आजारी पडतो, असा त्याचा अर्थ नाही.

पाळायचं एवढंच : उघड्या हाताने वाघूळ उचलायचं नाही, जिवंत नाही आणि मेलेलंही नाही. अर्धवट खाल्लेली फळं टाकून द्यायची. माडी-ताडीचं मडकं झाकायचं. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन तडक आरोग्य केंद्र, रेबीजच्या लशीसाठी. आणि निपाहच्या भीतीने गुहेत धूर करायचा नाही. घाबरलेली वाघळं चार वाड्यांत पसरतात, म्हणजे जे टाळायचं तेच होतं.

जाळं लावून एखादं पकडलं तर ओळख पक्की होईल ना?

होईल, पण ते तुम्ही-आम्ही करायचं काम नाही. वन विभागाची लेखी परवानगी आणि प्रशिक्षण असलेल्या संशोधकांनीच जाळं लावायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळं पूर्वी पाचव्या अनुसूचीत होती, उंदीर आणि कावळ्यांच्या शेजारी, म्हणजे उपद्रवी. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ती अनुसूचीच गेली. ‘वाघूळ मारलं तर काही होत नाही’ असं सांगणारे जुनी प्रत वाचत आहेत.

मेलेलं सापडलं तर?

विजेच्या तारेला चिकटलेलं वाघूळ हा दुर्दैवाने नेहमीचा प्रकार. तारेपासून लांब राहा. जमिनीवर पडलेलं असेल तर काठीने पंख पसरून, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा : अंगठा आणि तर्जनी जवळून, थोबाड बाजूने, शेपूट, पूर्ण अंग. मग वनरक्षकाला कळवा. घरच्या फ्रीझरमध्ये ठेवू नका. हा सल्ला अनुभवाचा आहे, तपशील विचारू नका.

नोंद पाठवताना काय लिहू?

तारीख. वेळ. गाव, वाडी आणि फोनवरून मिळणारे अक्षांश-रेखांश. झाड कोणतं, किती उंच, किती फुलं उघडी. पाऊस, चांदणं. वाघळं किती वेळा आली. फोटो मूळ आकारातच पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपने दाबून बारीक केलेल्या फोटोत नख विरघळून जातं, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. गुहेची नेमकी जागा सार्वजनिक ग्रुपवर टाकू नका, रविवारी तिथे सेल्फीवाले पोचतात.

आणि काहीच आलं नाही तरी तेही लिहून पाठवा. ‘२ ऑगस्ट, टेटू, सात ते अकरा, एकही नाही, मुसळधार’ अशी ओळ माझ्या वहीत पुष्कळ वेळा आहे.

फोटोत बोट दिसतंय, पण नख आहे की सावली ते कळत नाही. पाठवू?

पाठवा. आणि उद्या रात्री परत त्याच झाडाखाली जा. टेटूचा तुरा एका रात्रीत संपत नाही.